हंगामी पावसाच्या अंदाजासाठी आपल्याकडे कायदा हवा का, आणि हवा असल्यास त्यात नेमके काय असावे?

कृष्णाकाठ (सांगली)

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर होतो आणि दूध संस्थेच्या कट्ट्यापासून खतांच्या दुकानापर्यंत एकच आकडा फिरू लागतो. तो आकडा संपूर्ण देशाचा असतो, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो, १९७१ ते २०२० या काळातील ८७ सेंटीमीटरच्या सरासरीशी तुलना करून काढलेला असतो आणि त्याला पाच टक्के कमी-अधिक अशी मर्यादाही जोडलेली असते. बातमीतून आपल्यापर्यंत येताना यातले सगळे गळून पडते आणि 'यंदा पाऊस चांगला' एवढेच उरते.

या धाग्याचे निमित्त अमेरिकेतील एक कायदा आहे. १८ एप्रिल २०१७ रोजी तेथे हवामान संशोधन आणि पूर्वानुमान सुधारणेचा कायदा लागू झाला. त्याचा दुसरा भाग पूर्णपणे दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाला वाहिलेला आहे. दोन आठवडे ते तीन महिने हा एक पल्ला आणि तीन महिने ते दोन वर्षे हा दुसरा, अशा व्याख्या कायद्यातच दिल्या आहेत. या दोन्ही पल्ल्यांचे तापमान आणि पर्जन्याचे उपयोगी, विश्वासार्ह आणि वेळेवर अंदाज देणे हे तेथील हवामान सेवेचे वैधानिक काम ठरवले आहे. ही तरतूद १९८५ च्या एका शेतीविषयक कायद्यातील कलमात दुरुस्ती करून आणलेली आहे, हे मला विशेष वाटले. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचा पहिला गिऱ्हाईक शेतकरी आहे हे तेथे तेव्हापासूनच गृहीत धरलेले दिसते.

त्या कायद्यातील आणखी दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. हे अंदाज सार्वजनिक नियोजनात प्रत्यक्ष कसे वापरले जातात याचे विश्लेषण आणि पुढील सुधारणांची उद्दिष्टे यांचा अहवाल अठरा महिन्यांच्या आत संसदेला देणे बंधनकारक केले होते. शिवाय एखाद्या राज्याने मागणी केल्यास, अंदाजाचा स्थानिक अर्थ लावून सांगणारा समन्वयक नेमण्यासाठी केंद्राने निम्मा भार उचलण्याची सोय होती.

आपल्याकडे हवामान खाते १८७५ पासून आहे, म्हणजे त्याचे वय आता दीडशेच्या पुढे गेले. पण संसदेने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. जे काही होते ते शासकीय आदेशांनी आणि योजनांनी होते. योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमुळे पुण्यातील उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत वातावरण आणि महासागर यांचे गणित एकत्र मांडणारे संगणकीय मॉडेल उभे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपयांचे मिशन मौसम मंजूर झाले. त्याच महिन्यात पुण्यात 'अर्क' आणि नोएडात 'अरुणिका' हे महासंगणक कार्यान्वित झाले. मात्र योजनेला मुदत असते. ती संपल्यावर पुढे काय, हे अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे बघून ठरते.

सांगलीकर म्हणून २०१९ चे वर्ष माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या वर्षीचा एप्रिलमधील अंदाज सरासरीच्या ९६ टक्क्यांचा होता. जून संपला तेव्हा देशातील तूट ३३ टक्के होती आणि आपल्याकडे टँकरच्या बैठका चालू होत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हंगाम संपला तो ११० टक्क्यांवर. अंदाज चुकला हा माझा मुद्दा नाही. जून कोरडा आणि ऑगस्ट-सप्टेंबर अतिओला, असे एकाच हंगामाचे दोन तुकडे पडतात तेव्हा चार महिन्यांची एक सरासरी आपल्या नदीकाठाला काहीच सांगत नाही, हा माझा मुद्दा आहे.

माझे मत असे आहे की कायदा करावा, परंतु त्यात अचूकतेची सक्ती नसावी. अंदाज संभाव्यतेच्या भाषेत आणि जिल्ह्याखालच्या पातळीवर द्यावा, आधीचे अंदाज किती बरोबर आले याचा हिशेब दरवर्षी खात्यानेच छापावा, मूळ नोंदी सर्वांना फुकट मिळाव्यात आणि हा अंदाज हाती असताना पाटबंधारे व कृषी विभागाने काय केले याचीही नोंद व्हावी, एवढ्या चार गोष्टी कायद्यात आल्या तरी पुरे. यावरून केंद्राला आणि राज्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा करतो आहे. जाणकारांनी आपापले अनुभव आणि आक्षेप मांडावेत.

---

माणदेशी (दहिवडी)

कृष्णाकाठ साहेब, मांडणी चांगली आहे, पण पूर्वेकडून बघणाऱ्याला ती थोडी वेगळी दिसते. आमचा सातारा जिल्हा म्हणजे एका टोकाला महाबळेश्वर, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि दुसऱ्या टोकाला आमचा माण तालुका, जेथे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक पेढे वाटतील. या दोहोंची सरासरी काढून 'सातारा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' असे म्हटले, तर त्या वाक्यात ना महाबळेश्वर असते ना दहिवडी. म्हणून जिल्ह्याखालची पातळी हा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत अवघड असेल अशी शंकाही येते.

दुसरे म्हणजे आमचे खरे पीक शाळू आहे. त्याची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर होते. जूनचा अंदाज ऐकून आम्ही काय करणार? हवामान खाते जुलैअखेरीस ऑगस्ट-सप्टेंबरसाठी वेगळा अंदाज देते. आमच्यासाठी तो एप्रिलच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, पण त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळीत येते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ज्यांनी जुलैतच चाऱ्याची तजवीज केली ते वाचले, आणि त्यांनी ती अंदाज वाचून केली होती की नुसत्या अनुभवाने, हे त्यांनाच विचारावे लागेल.

---

निवृत्त अभियंता (कराड)

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असल्याने धरणाच्या बाजूने काही सांगतो. अंदाज आणि निर्णय यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो, आणि त्या माणसाची अडचण कायदा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. समजा, जुलैअखेर साठा ८५ टीएमसी आहे आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता साठ टक्के आहे असा अंदाज आला. पुराला जागा ठेवायची तर दहा टीएमसी आधीच सोडले पाहिजे. एक टीएमसी म्हणजे दिवसभर सुमारे साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट). म्हणजे दहा टीएमसी पाच दिवसांत सोडायचे तर सतत तेवीस हजार क्युसेकचा विसर्ग करावा लागतो. पायथा वीजगृहातून जेमतेम दोन हजार क्युसेक जाते, त्यामुळे वक्र दरवाजे उचलावेच लागतात, आणि दरवाजे उचलले की कराडपासून सांगलीपर्यंत फोन सुरू होतात. आता उरलेल्या चाळीस टक्क्यांचा विचार करा. पाऊस आला नाही, धरण भरले नाही, तर उन्हाळ्यात टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनांना, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांना, पाणी कमी पडते. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायचे ६७.५ टीएमसी आहेच. त्या वेळी 'पाणी का सोडले' असे विचारायला विधानसभेपासून गावसभेपर्यंत सगळे येतात आणि साठ टक्क्यांचा कागद कोणी बघत नाही. न सोडता पूर आला तर 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द हाताशी असतो. मग अधिकारी काय करील? तो जलाशय परिचालन सूचीत तारखेसमोर लिहिलेली पातळी राखील आणि गप्प बसेल. मी त्याला दोष देणार नाही.

कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो नावाच्या जलाशयावर अंदाजावर आधारित परिचालनाचा प्रयोग झाला. ठरावीक तारखेला ठरावीक पातळी या जुन्या नियमातून तेथे परवानगीने सूट घेतली गेली. पुढे मोठे वादळ दिसत नसेल तर पाणी साठवून ठेवायचे आणि दिसले तर आधीच सोडायचे, अशी पद्धत. २०२० च्या कोरड्या वर्षात त्यामुळे सुमारे अकरा हजार एकर-फूट जादा पाणी शिल्लक राहिले. आपल्या मापात हे साधारण अर्धा टीएमसी होते, म्हणजे कोयनेच्या मानाने फार नाही. पण नियम बदलता येतो, आणि तो बदलताना अधिकाऱ्याला एकटे सोडले जात नाही, हे त्यातून दिसते. मात्र तो प्रयोग काही दिवसांच्या अंदाजावर चालतो, हंगामी अंदाजावर नव्हे. धरणाच्या दरवाज्यासाठी पाच-सात दिवसांचा अंदाज, पाणी वाटपाच्या नियोजनासाठी पंधरवडा ते महिना, आणि पीकरचनेसाठी हंगाम, असे वेगवेगळे धरून चालावे लागेल. धरण सुरक्षा कायदा, २०२१ मध्ये धरणाच्या मालकाने जलहवामान केंद्रांचे जाळे आणि आवक अंदाजाची यंत्रणा उभारावी असे आधीच म्हटले आहे. नवा कायदा करताना त्याच्याशी सांधा जुळवावा, नाहीतर एकाच धरणाला दोन कायदे दोन बाजूंनी ओढतील.

---

बेदाणा शेड (तासगाव तालुका)

अभियंता काकांनी पल्ले वेगळे करून दाखवले ते योग्य झाले. आमच्या भागाला नेमका मधला पल्ला लागतो आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

बेदाण्याचे काम कसे चालते ते सांगते. द्राक्ष काढल्यावर घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधील रॅकच्या जाळ्यांवर पसरतात. तेथून पुढे साधारण दोन ते अडीच आठवडे कोरडी हवा लागते. सुरुवातीच्या सात-आठ दिवसांत ढगाळ, दमट हवा आली तर मणी चिकट होतात आणि रंग धरत नाहीत. हिरवा निघायचा तो माल काळपट निघतो, आणि सौद्यात हिरव्या आणि काळ्या मालाच्या दरातील अंतर कोणत्याही तासगावकराला माहीत आहे. माल एकदा रॅकवर चढला की तो उतरवून परत वेलीला लावता येत नाही. म्हणजे निर्णयाचा दिवस हा काढणीचा दिवस, आणि त्या दिवशी आम्हाला पुढच्या तीन आठवड्यांचा कल हवा असतो. अवकाळी पाऊस उद्या येणार की परवा, हे मोबाइलवर कळून त्या वेळी फार तर ताडपत्री बांधता येते.

फळछाटणीचेही तेच. सप्टेंबरमध्ये आगाप छाटणी घेतली तर दर मिळतो, पण पोंगा आणि दोडा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट आणि घड बाहेर पडताना, परतीचा पाऊस सापडला की डाऊनी (बुरशीचा रोग) आणि घडकुज. छाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत पाच-सहा आठवडे जातात. छाटणीची तारीख मागे-पुढे करणे हाच आमच्या हातातील खरा उपाय आहे, बाकी सगळ्या फवारण्या. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि ढगाळ हवा लांबली. खरड छाटणीनंतर (ही उन्हाळ्यातील पहिली छाटणी) काडीत घड तयार होण्याच्या काळात ऊन मिळाले नाही, आणि त्याचा परिणाम पुढे फळछाटणीनंतर अनेक बागांत घड कमी निघाल्यावर दिसला. अशा वेळी मेच्या सुरुवातीला चार आठवड्यांचा कल नीट कळला असता तर पाणी आणि नत्र कमी करणे, शेंडा मारणे, काडी विरळ करणे ही कामे लोकांनी अधिक काटेकोरपणे केली असती.

हवामान खाते दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. तो नकाशांचा असतो, इंग्रजीत असतो आणि त्याचा द्राक्षाशी काय संबंध हे सांगणारे कोणी नसते. कृष्णाकाठ यांनी सांगितलेला समन्वयक जर खरोखर मिळणार असेल, तर तो जिल्हा कार्यालयात न बसवता द्राक्ष पट्ट्यात आणि छाटणीच्या आधी पाठवावा.

---

शंकासुर

एवढे सगळे ठीक आहे, पण यूट्यूबवरून 'अमुक तारखेला अमुक तालुक्यात ढगफुटी' असे सांगणाऱ्यांचे काय? कायदा करायचाच असेल तर आधी त्यांच्यासाठी करा. परवान्याशिवाय अंदाज सांगण्यावर बंदी घालावी.

---

वकील, विश्रामबाग

शंकासुर यांच्या सूचनेपासून सुरुवात करतो. जपानमध्ये १९५२ च्या हवामान सेवा कायद्यानुसार खासगी अंदाजाला परवाना लागतो आणि १९९० च्या दशकापासून तेथे हवामान पूर्वानुमानकारांची परीक्षाही आहे. दक्षिण आफ्रिकेत तीव्र हवामानाचा इशारा परवानगीशिवाय प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला आहे. चीनमध्ये जनतेसाठीचा अंदाज फक्त सरकारी संस्थेलाच देता येतो. यातील शेवटचे उदाहरण आपल्या राज्यघटनेच्या चौकटीत बसणार नाही. घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्यासाठी आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये एक वर्षापर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची तरतूद आहेच. सरकारी अंदाज समजेल अशा भाषेत आणि वेळेवर गावात पोहोचत नाही, म्हणून इतरांचे दुकान चालते. बंदीने ते दुकान बंद होईल, गरज तशीच राहील.

आता मूळ प्रश्न. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीच्या ६८ व्या नोंदीत भारतीय सर्वेक्षण, भूशास्त्रीय, वनस्पतिशास्त्रीय इत्यादी सर्वेक्षणांसोबत हवामानविषयक संघटना असा उल्लेख आहे. म्हणजे हवामान खात्यावर बंधने घालणारा कायदा फक्त संसदच करू शकते, मुंबईत विधानमंडळाने ठराव करून काही होणार नाही. मात्र शेती ही राज्य सूचीतील १४ वी आणि पाणी ही १७ वी नोंद आहे. त्यामुळे कृष्णाकाठ यांच्या चार मागण्यांपैकी पहिल्या तीन दिल्लीच्या आहेत आणि चौथी, म्हणजे अंदाजाचा वापर कसा केला याची नोंद ठेवण्याची, राज्याच्या अधिकारातील आहे. ती लवकर पदरात पडण्यासारखी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ अस्तित्वात आहेच, त्यात दुरुस्ती किंवा त्याखाली नियम करता येतील. कालवा सल्लागार समिती १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून आवर्तने ठरवते. त्या बैठकीच्या इतिवृत्तात पुढील तीन महिन्यांचा पावसाचा आणि तापमानाचा अंदाज काय होता आणि तो विचारात घेतला की नाही, असा एक परिच्छेद सक्तीचा करायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

एक व्यावहारिक सूचना. आपल्या खासदारांकडे खासगी विधेयकाचा आग्रह धरणारे बरेच असतात. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही. त्यापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण या विषयांची संसदीय स्थायी समिती, जिच्या कक्षेत पृथ्वी विज्ञान मंत्रालय येते, तिच्याकडे अनुदान मागण्यांच्या वेळी निवेदन देणे अधिक उपयोगी पडते.

---

मूळचा वाईचा (सध्या पुणे)

मी याच विषयाच्या आसपास काम करतो, म्हणून कायद्याने काय मागता येईल आणि काय मागू नये यावर लिहितो.

रोजचे हवामान साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. सुरुवातीच्या नोंदीतील सूक्ष्म चूक वाढत जाऊन सगळे चित्र झाकून टाकते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले आणि महासंगणक कितीही मोठा झाला तरी ही भिंत हटणार नाही. मग चार महिन्यांचा अंदाज कोणत्या आधारावर देतात? चार्नी आणि जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडले की उष्ण कटिबंधात ऋतूची सरासरी स्थिती समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, जमिनीतील ओल, बर्फाचे आवरण अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बरीच अवलंबून असते. प्रशांत महासागरातील एल निनो, म्हणजे तेथील विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, ही त्यातली ठळक गोष्ट. म्हणजे '१४ ऑगस्टला जतमध्ये पाऊस पडेल का' याचे उत्तर एप्रिलमध्ये कोणीही देऊ शकणार नाही, पण 'या हंगामात कोरड्या बाजूचा कल किती' याचे उत्तर देता येते. दोन्हींच्या मधल्या पल्ल्यात, म्हणजे ताईंना हव्या असलेल्या तीन-चार आठवड्यांत, मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये दाखवलेले तीस ते साठ दिवसांचे आंदोलन उपयोगी पडते. ढगांचा एक प्रचंड पट्टा विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत असतो. तो हिंदी महासागरात कधी येतो यावर आपल्या पावसाचे जोर आणि खंड काही प्रमाणात ठरतात. हा पट्टा जोरदार असतो तेव्हा अंदाज चांगला येतो आणि तो विस्कळीत असतो तेव्हा मॉडेलही चाचपडते.

आता इतिहास थोडक्यात. हिमालयातील बर्फावरून खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये पहिला रीतसर हंगामी अंदाज दिला. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख होते. भारतातील पाऊस सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी चाळल्या आणि त्यातून दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका, सापडले, ज्याचे एल निनोशी असलेले नाते पुढे उलगडले. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचे मॉडेल आले आणि पुढची बरीच वर्षे पाऊसही सरासरीच्या आसपास राहिल्याने ते गाजले. २००२ मध्ये त्याच मॉडेलने १०१ टक्के सांगितले आणि पाऊस झाला ८१ टक्के. उलट बाजूचे उदाहरण १९९७ चे आहे. शतकातील बलाढ्य एल निनोंपैकी एक असूनही त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. घटक आणि पाऊस यांचे नाते दशकागणिक बदलते. म्हणून आता अनेक मॉडेलांची सरासरी घेण्याची पद्धत २०२१ पासून रूढ झाली आहे.

यावरून माझा आग्रह असा की कायद्यात अचूकतेची टक्केवारी लिहू नये, आणि चुकीच्या अंदाजाला दंड तर मुळीच नको. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल पोलिसांत तक्रार दिली होती. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण कायद्याने तो मार्ग उघडला तर काय होईल ते सांगतो. अंदाज देणारा दरवर्षी ९८ टक्के म्हणेल. सरासरीच्या आसपासचे वर्ष सर्वांत जास्त वेळा येते, त्यामुळे त्याचे गुणपत्रक उत्तम दिसेल आणि ज्या वर्षी शेतकऱ्याला इशाऱ्याची गरज आहे त्या वर्षी तो गप्प राहील.

त्याऐवजी गुणपत्रक कसे काढावे हे कायद्याखालील नियमांत लिहावे. ज्या ज्या वेळी खात्याने 'सत्तर टक्के शक्यता' सांगितली, त्यांपैकी खरोखर किती वेळा तसे घडले, हे जुळते का? आणि कोणत्याही अंदाजाशिवाय निव्वळ जुन्या सरासरीवर विसंबलो असतो तर त्यापेक्षा हा अंदाज किती सरस ठरला? या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विभागासाठी, प्रत्येक पल्ल्यासाठी वेगळी छापावीत. सध्याच्या नकाशांत काही भाग पांढरा असतो. तेथे कमी, मध्यम आणि जास्त या तिन्ही शक्यता जवळपास सारख्या आहेत, म्हणजे मॉडेलला तेथे काही सांगायचे नाही, असा त्याचा अर्थ असतो. माणदेशी यांना मी प्रामाणिकपणे सांगेन की माण-खटावच्या वाट्याला असे पांढरे नकाशे बऱ्याचदा येतील. तालुकावार अंदाजाची सक्ती केली तर तो पांढरा भाग कोणीतरी रंगवून देईल, एवढेच.

---

माणदेशी (दहिवडी)

वाईकर साहेब, पांढरा नकाशा चालेल. पांढरा आहे असे स्पष्ट सांगितले तर आम्ही नेहमीप्रमाणे दोन पिकांत जोखीम वाटून घेऊ. पण नोंदीच बरोबर नसतील तर गुणपत्रक तरी कशाच्या आधारावर काढणार? महसूल मंडळातील एक स्वयंचलित हवामान केंद्र मी जवळून पाहिले आहे. बसवले तेव्हा मोकळ्या जागेत होते. नंतर एका बाजूला ऊस उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचे शेड. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला होता. त्याच नोंदीवर त्या मंडळातील डाळिंब आणि द्राक्ष बागांचा हवामान आधारित फळपीक विमा ठरतो. आमच्या वस्तीवर गारा पडल्या, यंत्रात साधा पाऊसही नव्हता. केंद्राभोवती किती जागा मोकळी हवी, ते कोणी कधी तपासावे आणि बंद पडले तर किती दिवसांत दुरुस्त करावे, हे कायद्यात नसले तरी नियमांत आलेच पाहिजे.

---

मूळचा वाईचा (सध्या पुणे)

पूर्ण सहमत. दीर्घ पल्ल्याच्या मॉडेलची चूक दुरुस्त करण्यासाठी जुन्या नोंदी लागतात, आणि वीस-तीस वर्षे एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतलेली नोंद हजार नव्या यंत्रांपेक्षा मोलाची असते. यंत्र हलवले तर ते कधी आणि किती हलवले हेही लिहून ठेवावे लागते. हा कंटाळवाणा भाग आहे आणि त्याच्या उद्‌घाटनाला कोणी मंत्री येत नाही. त्यामुळे तो योजनेपेक्षा कायद्यात घालणे बरे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांच्या सूचना घेऊन निवेदनाचा मसुदा असा बदलतो. केंद्राकडे मागणी करताना तालुकावार अंदाजाचा आग्रह सोडून 'जेथे मॉडेलला आधार आहे तेथे विभागवार, आणि जेथे नाही तेथे तसे स्पष्ट नमूद करून' अशी शब्दरचना ठेवतो. दोन ते चार आठवड्यांचा अंदाज मराठीत, पिकांच्या अवस्थांशी जोडून आणि छाटणी, पेरणी, काढणी यांच्या आधी प्रसिद्ध करण्याची मागणी वेगळ्या परिच्छेदात घेतो. तासगावच्या ताईंनी बेदाण्याचा मजकूर आहे तसा वापरू द्यावा ही विनंती. गुणपत्रकाचे दोन निकष आणि हवामान केंद्रांच्या देखभालीचा नियम यांचा समावेश करतो. परवान्याचा विषय वगळतो. राज्याकडच्या निवेदनात कालवा सल्लागार समितीच्या इतिवृत्ताची मागणी पहिल्या क्रमांकावर राहील.

---

बेदाणा शेड (तासगाव तालुका)

अवश्य वापरा. फक्त दराचे वाक्य काढा, नाहीतर चर्चा दरावरच जाईल.

---

निवृत्त अभियंता (कराड)

मसुद्यात एक गोष्ट राहिली आहे आणि तिच्याशिवाय बाकीचे कागदावरच राहील. अंदाज विचारात घेऊन ज्या अधिकाऱ्याने पाणी सोडले किंवा राखले, त्याने निर्णयाच्या वेळी उपलब्ध अंदाज, त्याची संभाव्यता आणि आपली कारणे लेखी नोंदवली असतील, तर नंतर हवामान उलटे निघाले एवढ्याच कारणावरून त्याच्यावर कारवाई होऊ नये, असे कलम हवे. आणि ज्याने अंदाज उपलब्ध असूनही पाहिलाच नाही, त्याला मात्र तसे का केले याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. आज याच्या अगदी उलटे आहे. न बघणारा सुरक्षित असतो.

---

वकील, विश्रामबाग

काका, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे कलम बहुतेक कायद्यांच्या शेवटच्या प्रकरणात असतेच, त्यामुळे त्याला विधी विभागाची हरकत येणार नाही. आपल्या सूचनेतील दुसरे वाक्य नवे आहे आणि खरा विरोध त्यालाच होईल. त्यासाठी अंदाज संबंधित अधिकाऱ्याकडे कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने पोहोचला याची पोच ठेवावी लागेल, अन्यथा 'मला मिळालाच नाही' हा बचाव कायम राहतो. मी पोच आणि नोंदवहीसह दोन्ही उपकलमे लिहून कृष्णाकाठ यांच्याकडे पाठवतो. आपण जलाशय परिचालन सूचीचा रिकामा नमुना पाठवू शकलात, तर अंदाजासाठीचा रकाना त्यात कोठे बसवायचा तेही त्याच वेळी ठरवता येईल.